‘मावशी, याचे दोनशे देतो’

इन्स्टावर सध्या एका प्रकारची रील्स जोरात चालतात. खेड्यातल्या घरातून जुना तांब्याचा बंब, पितळी पानाचा डबा किंवा चांदीचे देवाचे टाक किलोच्या नाहीतर तोळ्याच्या भावात उचलायचे आणि शेवटी पुण्या-मुंबईतल्या किमतीचा आकडा स्क्रीनवर झळकवायचा. खाली शंभर कमेंट्स : ‘भाऊ, नजर पाहिजे!’ माझं भांडण या नजरेशीच आहे.

आमच्या खानदेशात हा व्यवहार कसा होतो ते आधी सांगतो. चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर चांदी हीच बँक. पेरणीच्या तोंडावर किंवा दवाखान्याच्या बिलापायी पेटीतली हासडी, कडी बाहेर निघतात. सराफ ती काट्यावर ठेवतो, घट कापतो आणि उरलेल्या वजनाचे पैसे देतो. घडणावळ शून्य, जुनेपणा शून्य. दागिना वितळणारच असेल तर हा हिशोब एकवेळ समजू शकतो. पण एखाद्या खरेदीदाराला पक्कं ठाऊक असतं, की ही हासडी वितळणार नाही, शहरातल्या शोकेसमध्ये जाणार आहे आणि तिथे वजन कोणी विचारणार नाही. तरीही तो वजनाचाच भाव देतो. बाई विचारते, ‘भाऊ, याना कितला पैसा येतीन?’ आणि तो काट्याकडे बोट दाखवतो.

यावर तीन बचाव हमखास ऐकू येतात.

पहिला : कायद्यात बसतं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ नुसार नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे, हे खरं. पण ते कलम पुढेही वाचा. तिथे घोड्याचं उदाहरण आहे. घोड्यात खोट आहे हे माहीत असून लिलावात विकणारा गप्प राहिला, तर ती फसवणूक नाही. मात्र घेणारी त्याचीच नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणं हे त्याचं कर्तव्य ठरतं. आणि घेणारा म्हणाला, ‘तू नाही म्हटलं नाहीस, तर घोडा चांगला आहे असं मी धरतो’, तर तिथे गप्प राहणं हेच बोलणं ठरतं.

इथे उदाहरणातल्या विकणाऱ्याच्या जागी आपला खरेदीदार उभा करा. तो ओट्यावर बसतो, पाणी मागतो, ‘मावशी’ म्हणतो. मावशी भाव विचारते, कारण तिच्या लेखी तो जाणकार आहे. त्या क्षणी तो नुसता गिऱ्हाईक उरत नाही, सल्लागार होतो. नातं जोडून घरात शिरायचं आणि पैसे मोजताना परकं व्हायचं, ही ती ‘नजर’. कोर्ट काय म्हणेल ते कोर्ट बघेल. मी याला मापात पाप म्हणतो.

शिवाय कायद्याचाच आधार घ्यायचा, तर १९७२ चा पुरावशेष कायदाही वाचा. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती आणि कलावस्तू विकण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. ‘दोनशे वर्षं जुनी मूर्ती, डीएम करा’ लिहिणाऱ्यांनी हे तपासलेलं असतं का?

दुसरा बचाव : मी वर्षानुवर्षं अभ्यास केला, ज्ञानाचे पैसे घेतो. जरूर घ्या. जुन्या बाजारातल्या दुकानदारासमोर तर अवाक्षर बोलू नका. तो त्याच खेळातला खेळाडू आहे, तुम्हाला काय दिसलं नाही याचा फायदा तोही घेतोच. पण ज्ञानाची फी वेगळी आणि समोरच्याच्या अज्ञानाची वसुली वेगळी. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. पगार ठरवताना एचआरला बाजारभाव माहीत असतो, आपल्याला नसतो. सहा महिन्यांनी कळतं, की शेजारच्या खुर्चीवरचा त्याच कामाचे दीडपट घेतो. तेव्हा आपण म्हणत नाही, ‘वा, एचआरची काय नजर!’ आपण म्हणतो, गंडवलं. मग सातपुड्यातल्या बाईसाठी वेगळा शब्द का?

तिसरा बचाव सगळ्यात गोड : मी घेतलं नसतं तर ते मोडीतच गेलं असतं. असेलही. पण वस्तू वाचवणं आणि मालकिणीला कमी देणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याचं पुण्य दाखवून दुसरं झाकता येत नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून रद्दीत चाललेली दप्तरं गोळा करत राहिले आणि १९२६ मध्ये धुळ्यात वारले. ती कागदपत्रं त्यांनी छापून सगळ्यांसमोर ठेवली. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. जळगावचं उदाहरण तर त्याहून स्पष्ट. बहिणाबाई गेल्यावर सोपानदेवांनी आईच्या गाण्यांची वही बिचकतच आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी हे सोनं आहे हे ओळखलं आणि ज्याची वही होती त्यालाच तोंडावर सांगितलं. १९५२ मध्ये पुस्तक निघालं, बहिणाबाईंच्या नावाने, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. नजर असते ती अशी.

हे व्यवहारात शक्य नाही, असं कोणी म्हणेल. सिसेरोने दोन हजार वर्षांपूर्वी स्केव्होला नावाच्या रोमन माणसाची गोष्ट नोंदवून ठेवली आहे. जमीन घेताना विकणाऱ्याने किंमत सांगितली. स्केव्होला म्हणाला, माझ्या मते ही जास्तीची आहे, आणि त्याने वर एक लाख नाणी दिली. माणूस भला होता हे लोकांना मान्य होतं, शहाणा होता हे मात्र पटत नव्हतं. आजच्या कमेंट्सही तशाच आल्या असत्या.

एवढं मन नसेल तर एक लाख राहू द्या. फक्त एवढं म्हणा : ‘मावशी, हे वजनावर देऊ नका. शहरात याला जास्त येतात. मी विकून देतो, माझा खर्च आणि मेहनताना काढून उरलेले तुमचे.’ घाई असेल तर निम्मे आगाऊ द्या. तुमचा नफा कमी होईल, संपणार नाही.

आणि हे जमत नसेल, तर रील तरी पूर्ण करा. विकल्याचा आकडा झळकवल्यावर तोच व्हिडिओ जिच्याकडून वस्तू घेतली त्या बाईला पाठवा. आता तिच्या नातवाच्या हातातही स्मार्टफोन आहे.