मेट्रो पेठेत आली, पुढे काय?

२९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग खुला झाला आणि मेट्रो जुन्या पुण्याच्या गाभ्यात, कसबा पेठ व मंडईपर्यंत पोचली. ही घटना निःसंशय स्वागतार्ह आहे. तथापि, स्थानकातून वर आलेल्या उतारूने पुढे जायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर भुयारात सापडणारे नाही.

पेठांच्या बोळांतून मोठी बस वळत नाही. म्हणूनच २०२१ मध्ये १० रुपयांत दिवसभर प्रवासाची ‘पुण्यदशम’ ही लहान बसगाड्यांची सेवा सुरू झाली. उरलेले अंतर वस्तुतः सायकलचे. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये भाड्याच्या सार्वजनिक सायकली आल्या. मोडतोड आणि चोऱ्या यांच्यापायी दोन-तीन वर्षांतच त्या दिसेनाशा झाल्या. दोष नागरिकांच्या बेशिस्तीला देऊन सर्वजण मोकळे झाले.

बेशिस्त होतीच, परंतु सलग मार्ग नाही, उभी करण्यास निश्चित जागा नाही आणि सारी मदार खासगी कंपन्यांच्या नफ्यावर! अशा पायावर कोणती सार्वजनिक सोय टिकेल? बससेवेची तूट महापालिका भरून काढतात, कारण ती सेवा आहे. सायकलीला हा न्याय का नसावा?

वाहनांची नव्हे, माणसांची ने-आण महत्त्वाची, हे केंद्राच्या नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच सांगितले. आता पेठेतील रस्त्यांवरून उभ्या वाहनांची एक रांग हटवण्याचे धैर्य हवे. भुयार खणणे त्याहून सोपे होते, असे म्हणण्याची पाळी पुणेकरांवर येऊ नये.