सीट मऊ नको, मापाची हवी!

पावसाळा सरला की कॉलेजच्या ग्रुपवर बेत शिजायला लागतात. रविवारी पहाटे पुणे-लोणावळा मारू, सुट्टीत थेट गोवा गाठू! पहिल्या राइडला दहा जण हजर असतात, तिसरीला उरतात चार. गळालेल्यांना विचारा. कुणी म्हणेल सबमिशन आहे, कुणी म्हणेल पहाटे जागच येत नाही. पुष्कळदा खरं कारण वेगळंच असतं. बसायची जागा दुखते! पण हे चारचौघात सांगायचं कसं? मुलींची तर आणखीच पंचाईत. आणि कुणी धीर करून सांगितलंच, तर ग्रुपमधला सीनियर हसून म्हणतो, 'होईल सवय!'

दोस्तांनो, सगळ्याच दुखण्याची सवय होत नाही आणि ती करून घ्यायचीही नसते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत हाडांच्या जागी थोडं ठणकणं ठीक आहे. पण मुंग्या येणं, जागा बधिर होणं हा शरीराने दिलेला इशारा आहे. तिथल्या नसांवर दाब पडतोय, असा त्याचा अर्थ. अशा वेळी दात-ओठ खाऊन पेडल मारत राहणं म्हणजे जिद्द नव्हे.

मग आपण काय करतो? दुकानात जातो, अंगठ्याने दाबून सगळ्यांत मऊ सीट निवडतो, नाहीतर जेलचं कव्हर चढवतो. गल्लीतून दूध आणायला ते चालेल. तीन-चार तासांच्या राइडला तीच गादी उलटते. आपलं वजन पेलायला खाली दोन हाडं असतात, त्यांना सिट बोन्स म्हणतात. मऊ सीटमध्ये ती रुततात आणि मधला भाग वर येऊन नेमका नाजूक जागी दाबतो. म्हणून लांबच्या राइडला सीट थोडी कडकच बरी, पण मापाची.

माप घरीच घेता येतं. पार्सलच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा जिन्याच्या पायरीवर ठेवा. त्यावर बसा, थोडं पुढे झुका. उठल्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजा आणि त्यात साधारण 20 ते 30 मिलिमीटर मिळवा. तुमच्या सीटची रुंदी त्याच्या आसपास हवी. ताठ बसून चालवत असाल तर जरा जास्त, हँडलवर वाकून चालवत असाल तर जरा कमी. हे माप वजनावरून ठरत नाही. सडपातळ मुलीलाही रुंद सीट लागू शकते. त्यामुळे मित्राची भारी सीट तुम्हाला चालेलच असं नाही.

सीट बदलण्याआधी आहे तीच तपासा. ती जमिनीला समांतर आहे का? पेडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहतो का? सीट फार उंच असेल तर कंबर डावी-उजवीकडे हलते आणि कातडी सोलवटते. पॅडेड शॉर्ट्स आतल्या कपड्यांशिवाय घालायच्या असतात, हेही कुणी आपल्याला सांगत नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडं उभं राहून पेडल मारा. 200 किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात; तेवढा वेळ कुणी एकाच जागी बसून काढत नाही.

बर्मिंगहॅमच्या जॉन बोल्टबी ब्रूक्स यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. त्यांच्या कंपनीत सांगतात, की घोडा मेल्यावर ते उसन्या सायकलवरून कामाला जाऊ लागले. ती सीट इतकी टोचली, की त्यांनी स्वतःच चामड्याची सीट बनवायला घेतली आणि 1882मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. चामड्याची सीट सुरुवातीला कडकच असते, शेकडो किलोमीटरनंतर ती बसणाऱ्याचा आकार घेते. तिची सुरुवात मात्र 'टोचतंय' हे मान्य करण्यापासून झाली.

तेव्हा नवं गिअर, नवी जर्सी घेण्याआधी सीटकडे बघा. दुकानदाराकडे ट्रायल मागा, लाजू नका. आणि ग्रुप तुम्ही चालवत असाल, तर राइडच्या आधी ब्रेक आणि हवेबरोबर सीटबद्दलही सगळ्यांना मोकळेपणाने विचारा. एवढ्या एका प्रश्नाने तिसऱ्या राइडला चारऐवजी आठ जण दिसतील.