सॉफ्टवेअर नवीन घ्यायचं की जुनंच चालवायचं?



दहावीनंतर आपल्या बीड जिल्ह्यातली बरीच मुलं सिव्हिल डिप्लोमाला जातात. मग घरात विषय निघतोच, "ऑटोकॅडचं नवीन व्हर्जन आलंय, घ्यावं लागेल, लॅपटॉपही नवा लागेल." तालुक्याला छोटं ऑफिस टाकलेल्या पोरांपुढेही हाच प्रश्न असतो. मी प्राथमिक शिक्षक, इंजिनिअर नाही. पण पुस्तकाची नवी आवृत्ती कधी घ्यायची हे आपल्याला कळतं ना? तोच नियम इथे लावून बघा.

नुसतं मुखपृष्ठ बदललं तर मोठ्या भावाचं पुस्तक धाकट्याला चालतं. अभ्यासक्रम बदलला की चालत नाही.

बांधकामाचा अभ्यासक्रम म्हणजे आयएस मानकं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. तोवर तो भाग नकाशात सर्वात कमी धोक्याच्या झोन 1 मध्ये होता. 2002 साली आयएस 1893 सुधारलं, झोन 1 काढूनच टाकला आणि किल्लारी परिसर झोन 3 मध्ये आला. 2016 ला हे मानक पुन्हा बदललं. म्हणून ज्या डिझाईन सॉफ्टवेअरमध्ये जुनेच नियम आहेत, ते कितीही हाताखालचं असलं तरी नव्या इमारतीला वापरू नये. इथे पैसे वाचवणं महागात पडतं.

नुसतं ड्रॉइंग काढायचं असेल तर मात्र दरवर्षी धावायची गरज नाही. ऑटोडेस्कने 2016 मध्ये कायमचं लायसन्स विकणं बंद केलं, आता ठराविक मुदतीचं भाडं भरावं लागतं. पण पात्र विद्यार्थ्यांना ते शिकण्यासाठी मोफत मिळतं, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. पालकहो, कर्ज काढण्याआधी मुलाला हे विचारा. आणि 'क्रॅक' कॉपीच्या नादी लागू देऊ नका.

बदलायचं ठरलंच, तर चालू काम जुन्यावर पूर्ण करावं. पूर्वी केलेलं एखादं डिझाईन नव्यावर पुन्हा करून दोन्ही उत्तरं ताडून बघावीत. फरक आला तर कारण सापडल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता आपलं काम. 3 मीटर लांब, 4 मीटर रुंद, 12 सेंटिमीटर जाडीचा स्लॅब. घनफळ 1.44 घनमीटर. एक घनमीटर आरसीसी साधारण 2500 किलो, म्हणजे वजन झालं 3600 किलो. हे गणित आपल्या वर्गातलंच आहे. ज्याला असा अंदाज येतो, तो स्क्रीनवर 360 किंवा 36000 दिसलं की थांबतो. ज्याला येत नाही, तो सही करून मोकळा होतो, व्हर्जन कोणतंही असो.

आपल्याकडे ऊसतोडीला जाऊन, पै पै साठवून माणसं घर बांधतात. त्या स्लॅबखाली त्यांची लेकरं झोपणार आहेत. म्हणून घनफळ शिकवताना उत्तराआधी अंदाज विचारा. एवढं आपण नक्की करू शकतो.