संपकाळातील बदली परिचारिका: सेवा की सोय?

जुनी निवृत्तिवेतन योजना पूर्ववत लागू करावी, या मागणीसाठी 14 मार्च 2023 रोजी महाराष्ट्रातील सरकारी व निमसरकारी कर्मचारी बेमुदत संपावर गेले. 1 नोव्हेंबर 2005 पासून सेवेत आलेल्यांना ती योजना मिळत नाही, हे त्या असंतोषाचे मूळ होते. 20 मार्च रोजी संप मिटला. त्या सात दिवसांत तहसील कचेरीतील दाखला अडला, सातबारा अडला, शाळेचे वर्ग अडले. या सर्वांची भरपाई पुढील पंधरवड्यात होऊ शकली. परंतु संपात सरकारी रुग्णालयांतील परिचारिकाही होत्या, आणि रुग्णाची वेळ पुढे ढकलता येत नाही. अनेक ठिकाणी ठरलेल्या शस्त्रक्रिया लांबल्या. वॉर्ड चालू ठेवण्यासाठी नर्सिंग महाविद्यालयांच्या विद्यार्थिनी व कंत्राटी परिचारिका यांना उभे करण्यात आले. मे 2022 मध्ये बाह्यस्रोत भरतीच्या विरोधात आणि जुलै 2025 मध्ये वेतनश्रेणीतील तफावत व कंत्राटी भरती या प्रश्नांवर परिचारिकांनी स्वतंत्रपणे आंदोलन केले. तेव्हाही व्यवस्थेचे पहिले पाऊल असेच पडले.

दुसरीने सोडलेल्या जागी संपकाळात उभी राहणारी परिचारिका कर्तव्य करते, की आपल्याच भगिनीच्या न्याय्य मागणीवर पाणी ओतते? हा प्रश्न वरवर पाहता व्यापारी कुटुंबांपासून दूरचा वाटतो. वस्तुतः तो फार जवळचा आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले, तेव्हापासून मिरज आरोग्यपंढरी म्हणून ओळखली जाऊ लागली. आज सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यात सरकारी रुग्णालयांच्या जोडीला खाजगी व धर्मादाय रुग्णालयांचे जाळे आहे. त्यांच्या विश्वस्त मंडळांवर व्यापारी बसतात, खाटांना देणग्या देतात. परिचारिकांशी बोलणी करायची की बाहेरून माणसे आणायची, हा निर्णय उद्या त्यांच्याच टेबलावर येऊ शकतो.

बाजारपेठेला संप नवा नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हमालांनी काम थांबवले, तर हळदीची पोती चार दिवस थप्पीला राहतात. अडत्याचे नुकसान होते, पण हळद मरत नाही. बँकांचा संप झाला तर धनादेश दोन दिवस उशिरा वटतो. संपाचे बळ यातच असते की मालकाला तोटा होतो आणि तो बोलणीला बसतो. रुग्णालयात मात्र तोटा सोसणारा आणि निर्णय घेणारा हे दोघे वेगळे असतात. मंत्रालयातील फाईल हलावी म्हणून काम थांबते आणि कळ सोसतो तो जतचा, आटपाडीचा, माण-खटावचा किंवा पाटणच्या डोंगरातला रुग्ण. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो खाजगी दवाखान्यात जातो. ज्याला ‘सिव्हिल’शिवाय दुसरे दार नाही, तोच मागे राहतो. म्हणून परिचारिकेच्या संपाला इतर संपांचे माप जसेच्या तसे लावता येत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण वॉर्डात, वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालय असेल तर 3 रुग्णांमागे 1 आणि इतरत्र 5 रुग्णांमागे 1 परिचारिका असावी. सरकारी वॉर्डात रात्रपाळीच्या वेळी एकदा फेरी मारली, तरी हा निकष कागदावर किती आणि खाटांशेजारी किती, हे उमगते. संप नसतानाही, वर्षाचे 365 दिवस, रुग्णाला अपुरी परिचर्या मिळत असते. तिची बातमी होत नाही, एवढेच. रिक्त जागा भराव्यात, कंत्राटी नेमणुका थांबवाव्यात, असे परिचारिका म्हणतात तेव्हा त्या स्वतःच्या पगाराबरोबर रुग्णाच्या वाट्याचेही मागत असतात.

कायद्याने या प्रश्नाची दोन्ही टोके धरली आहेत. सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर वा नैतिक हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात म्हटले. मार्च 2023 च्या संपाच्या वेळीच राज्याच्या विधिमंडळाने अत्यावश्यक सेवा परिरक्षणाचा, म्हणजे ‘मेस्मा’चा, नवा कायदा मंजूर केला. उलटपक्षी, महाराष्ट्राच्याच 1971 च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित श्रमप्रथा प्रतिबंधक कायद्यात, बेकायदा नसलेला संप चालू असताना नवी माणसे भरणे ही मालकाची अनुचित प्रथा मानली आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे सूत्र या दोहोंना जोडणारे आहे. रुग्णालयासारख्या सेवेत संपावर मर्यादा घालता येते, पण ज्यांचा हा मार्ग बंद केला त्यांना निःपक्ष व जलद लवादाचा मार्ग खुला करून दिला पाहिजे. एक दार लावणाऱ्याने दुसरे उघडावे, इतका साधा हा न्याय आहे. आपल्याकडे पहिले दार तत्परतेने लागते. दुसरे उघडायला मात्र विलंब होतो.

बदली परिचारिका आणली की रुग्ण सुरक्षित झाला, ही समजूतही तपासून पाहावी. अमेरिकेत संपकाळी परिचारिका पुरवणे हा एक व्यवसायच आहे. तेथे 1974 पासून रुग्णालयातील संपापूर्वी 10 दिवसांची लेखी सूचना बंधनकारक आहे, आणि त्या अवधीत रुग्णालये परगावच्या परिचारिका बोलावून घेतात. जोनाथन ग्रुबर व सॅम्युअल क्लायनर या अर्थशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्क राज्यातील 1984 ते 2004 या काळातील परिचारिकांच्या संपांचा अभ्यास केला. संपकाळात रुग्णालयांतील मृत्यूंचे प्रमाण 18 टक्क्यांहून अधिक वाढल्याचे त्यांना आढळले. ज्या रुग्णालयांनी बदली परिचारिका नेमल्या होत्या, त्यांची स्थिती न नेमणाऱ्यांपेक्षा चांगली नव्हती. ब्रिटनमध्ये संपकऱ्यांच्या जागी एजन्सीची माणसे पुरवण्यावरील बंदी 2022 मध्ये उठवली गेली, पण पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला.

या अभ्यासातील आकडा दोन्ही पक्षांना आरसा दाखवतो. संपाने कोणाचे काही बिघडत नाही, असे संपकऱ्यांना म्हणता येत नाही. आणि माणसे आणली, आता चिंता मिटली, असे व्यवस्थापनालाही म्हणता येत नाही. कारण उघड आहे. परिचर्या ही पोती मोजण्यासारखी अदलाबदलीची वस्तू नाही. कोणत्या खाटेवरील आजोबांना कोणत्या औषधाची रिअॅक्शन येते, कोणाचे इन्शुलिन जेवणावर अवलंबून आहे, तातडीची औषधे कोणत्या कप्प्यात आहेत, हे पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीला तोंडी व लेखी सांगते. संपाच्या सकाळी ही साखळी तुटलेली असते.

विद्यार्थिनींची स्थिती तर अधिक नाजूक असते. तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला उद्यापासून वॉर्ड सांभाळायला सांगितले, तर तिला नाही म्हणता येईल का? हजेरी, अंतर्गत गुण, वसतिगृहातील जागा या सर्व गोष्टी सांगणाऱ्याच्याच हाती असतात. अशा वेळचा होकार हा होकार नसतो. शिवाय तिची अद्याप परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेली नसते. मात्रा चुकली, तर जबाबदारी कोणाची? अधिकार नसलेल्या माणसाच्या सहीवर माल सोडणारी पेढी कोणत्याही बाजारात टिकत नाही. मग हा व्यवहार रुग्णाच्या जिवाशी का करावा?

या सर्वांतून एक कसोटी हाती लागते. बदली परिचारिका कशासाठी आली, यावर तिच्या कामाचे नैतिक मूल्य ठरते. अतिदक्षता विभाग, अपघात विभाग, प्रसूतिगृह, नवजात बालकांचा कक्ष, डायलिसिस येथे क्षणाचा खंड जीव घेऊ शकतो. तेथे उभी राहणारी परिचारिका कोणाचाही संप मोडत नाही. ती धर्म पाळते. खरे तर तेथील किमान मनुष्यबळ संघटनेनेच स्वतःहून राखून ठेवावे, म्हणजे बदलीची गरजच उरणार नाही. पुढे ढकलता येतील अशा शस्त्रक्रिया, नव्या भरत्या, नेहमीची बाह्यरुग्ण गर्दी हे सर्व पूर्ववत चालावे आणि बोलणी करण्याची गरजच पडू नये, म्हणून जेव्हा माणसे आणली जातात, तेव्हा मात्र ती रुग्णाच्या नावावर केलेली व्यवस्थापनाची सोय असते. हिशेबाच्या भाषेत, पहिली अडचणीतील उचल आहे. दुसरी कर्ज बुडवण्याची तयारी. दोन्हींची नोंद एकाच खात्यात करता येत नाही.

आणि या दोषाची बेरीज त्या मुलीच्या नावे मांडणे अन्यायाचे होईल. शैक्षणिक कर्जाचा हप्ता भरणारी कंत्राटी परिचारिका पोटासाठी येते. तिला बोलावणाऱ्याकडे तिच्यापेक्षा अधिक पर्याय होते. ज्याच्याकडे पर्याय अधिक, त्याचे उत्तरदायित्व अधिक.

येथे श्रावकाचार सहजच आठवतो. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांमध्ये अतिभारारोपण हा एक अतिचार सांगितला आहे. आपल्या आश्रितावर शक्तीबाहेर भार लादणे, हीही हिंसाच. तो नियम केवळ बैलाच्या पाठीपुरता आहे, असे मानण्याचे कारण नाही. वैयावृत्त्याला तर आपल्याकडे अंतरंग तपात स्थान आहे. मग जिच्या हातून रुग्णाची सेवा घडते, तिच्यावर किती भार आहे, हे पाहणे देणगीदाराचे काम नाही काय?

खाजगी परिचारिकांच्या वेतनाविषयी 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार केंद्राने समिती नेमली होती. 200 हून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके वेतन, 100 हून अधिक खाटा असल्यास फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 खाटांत फार तर 25 टक्के कमी, आणि 50 पेक्षा लहान रुग्णालयातही महिना 20,000 रुपयांहून कमी नाही, अशी तिची शिफारस होती. विश्वस्तांच्या पुढील सभेत हे चार आकडे आणि आपला पगारपट शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. एका परिचारिकेकडे रात्री किती खाटा असतात, हेही विचारावे. तक्रार आल्यास ती किती दिवसांत, कोणापुढे आणि कोणत्या त्रयस्थ व्यक्तीच्या उपस्थितीत ऐकली जाईल, हे लिहून ठेवावे. संप झालाच, तर कोणते विभाग चालू राहतील, याची यादी संघटनेच्या संमतीने आधीच ठरवावी. नर्सिंगची विद्यार्थिनी एकटी वॉर्डात उभी केली जाणार नाही, असा ठरावही त्याच सभेत व्हावा.

नव्या इमारतीच्या कोनशिलेवर नाव कोरण्यास लागतो, त्याहून या कामाला कमी खर्च येतो. त्याचा लाभ मात्र कोनशिला न वाचता येणाऱ्या, मध्यरात्री घंटा वाजवून सिस्टरची वाट पाहणाऱ्या रुग्णाला मिळतो.