शब्द बिघडतात, की बळकावले जातात?

‘आजची पिढी इंग्रजी भाषा बिघडवत आहे’ हा विलाप इंग्रजी साहित्याच्या अध्यापकवर्गात नित्य ऐकू येतो. ‘सिक’ म्हणजे आजारी. तरुण मुले तर आवडत्या गाण्यालाच ‘सिक’ म्हणतात! ‘विकेड’ म्हणजे दुष्ट. त्याचा अर्थ झकास कसा? हा विलाप आम्हांला अज्ञानमूलक वाटतो, आणि साहित्य शिकवणाऱ्यांच्या तोंडी तर तो मुळीच शोभत नाही.

‘नाइस’ हाच शब्द पाहा. अज्ञ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून फ्रेंचमार्गे आलेला हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत ‘मूर्ख’ या अर्थी वापरला जाई. पुढे तो ‘चोखंदळ’ झाला, ‘काटेकोर’ झाला आणि अठराव्या शतकात ‘छान’ झाला. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’त (१८१७) हेन्री टिल्नी या शेवटच्या, सैल वापराची यथेच्छ थट्टा करतो. ही कादंबरी शिकवणारेच आज विद्यार्थ्यांच्या वहीत शाबासकी म्हणून ‘नाइस’ लिहितात. कालची भ्रष्टता ती आजची शाबासकी!

मात्र ‘भाषा बदलतेच, त्यात काय’ ही उदार उदासीनताही आम्हांला मान्य नाही. ‘वोक’ म्हणजे जागा. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीत या साध्या शब्दाला ‘वर्णद्वेषी अन्यायाविषयी सावध’ असा अर्थ आला. ‘स्कॉट्सबरो बॉइज’ या गाण्याच्या १९३८ सालच्या ध्वनिमुद्रणात गायक लेडबेली आपल्या लोकांना ‘वोक’ राहण्यास बजावतात. १९६२ साली कादंबरीकार विल्यम मेल्विन केली यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील लेखात कृष्णवर्णीयांची बोली गोरे लोक कशी उचलतात हे मांडले, त्या लेखाच्या शीर्षकातच हा शब्द होता. २०१७ मध्ये ऑक्सफर्ड कोशाने हा नवा अर्थ नोंदवला. आणि आज? राजकीय विरोधकाला हिणवण्याचे ते एक स्वस्त साधन झाले आहे.

येथे अर्थ दोनदा बदलला. परंतु हे दोन बदल एकाच मापाने मोजता येत नाहीत. पहिला बदल जीव वाचवू पाहणाऱ्यांनी केला, दुसरा त्यांची भाषा त्यांच्याच विरुद्ध वापरणाऱ्यांनी.

म्हणून शब्द शुद्ध की भ्रष्ट, हा प्रश्नच आम्ही गैरलागू मानतो. अर्थ कोणी बदलला, कोणत्या गरजेपोटी, आणि कोणाविरुद्ध, हे प्रश्न वर्गात विचारले गेले पाहिजेत. ते न विचारता नुसती तांबडी शाई चालवणे ही भाषेची सेवा नव्हे. ती केवळ पहारेकऱ्याची नोकरी होय.