घाटाला जाड तेल लागत नाही

नव्या गाडीचं पहिलं ऑइल बदलताना कंपनीचं ‘पाण्यासारखं’ तेल काढून टाकावं आणि चांगलं जाड २०डब्ल्यू-५० घालावं, असा सल्ला सध्या आमच्या सातारा-सांगली भागात मोठ्या आत्मविश्वासानं दिला जातो आहे. देणारे गृहस्थ साधेसुधे नाहीत. त्यांची उभी हयात गाड्यांत गेली. कराडपासून मिरजेपर्यंत लोक त्यांच्या शब्दावर गाडी घेतात आणि विकतात. म्हणूनच गप्प बसवत नाही. अडाण्याचा सल्ला वाऱ्यावर जातो. मान्यवराचा सल्ला थेट इंजिनाच्या चेंबरमध्ये उतरतो, आणि त्याची किंमत हप्ते फेडणारा मालक मोजतो.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. एक, आपल्याकडं ऊन कडक, घाट उभे, गाडीत माणसं ठासून भरलेली. अशा कामाला ०डब्ल्यू-२० हे थंड देशांचं तेल टिकायचं नाही. दोन, कंपन्या पातळ तेल देतात ते अ‍ॅव्हरेजचे आकडे फुगवायला, इंजिनाचं आयुष्य वाढवायला नव्हे. तीन, पहिलं ऑइल हजार किलोमीटरला काढलंच पाहिजे, कारण त्यात लोखंडाचा कीस असतो. चार, नव्या इंजिनात सिंथेटिक घातलं तर रिंगा बसत नाहीत. आणि पाच, गाडीबरोबर येणारी पुस्तिका कंपनीच्या वकिलानं लिहिलेली असते. खरी पारख फिटरच्या दोन बोटांत असते.

शेवटून सुरुवात करू. बोटांत तेल चोळून कळतो तो हाताच्या उबेला असलेला चिकटपणा. शंभर अंशांना तेच तेल कसं वागेल हे कुठल्याही बोटाला कळत नाही. ‘काळं झालं म्हणजे मेलं’ हेही बोटपारखीचंच भावंड. तेलातलं डिटर्जंट काजळी उचलून धरतं म्हणून तेल काळं होतं. डिझेल गाडीत तर नवं तेल थोड्याच किलोमीटरांत काळवंडतं. रिंगांचा आक्षेप त्याहून लवकर संपतो: कित्येक गाड्या कारखान्यातूनच सिंथेटिक तेल घेऊन बाहेर पडतात आणि त्यांच्या रिंगा व्यवस्थित बसतात.

हजार किलोमीटरचा नियम एके काळी खरा होता. सिलिंडरचं बोअर आजच्याइतकं गुळगुळीत नसायचं, मागच्या काचेवर ‘रनिंग-इन’ची चिठ्ठी लावून लोक गाडी सावकाश हाकायचे आणि पहिल्या तेलात खरोखर कीस सापडायचा. आजचं होनिंग वेगळं आहे, जोडणीआधीची धुलाई वेगळी आहे, आणि उरलासुरला कण पकडायला फिल्टर आहे. हजार किलोमीटरच्या पहिल्या मोफत सर्व्हिसला बहुतेक गाड्यांची नुसती तपासणी होते, ती मालकाला फसवायला नव्हे. एखाद्या गाडीच्या पुस्तिकेत लवकर बदला असं लिहिलं असेल तर जरूर बदला. लिहिलं नसेल तर ते पैसे पुढच्या वेळच्या चांगल्या तेलासाठी ठेवा.

आता पहिला मुद्दा. बाकीचे सगळे त्याच्याच आधारानं उभे आहेत, म्हणून त्याच्यावर सविस्तर बोललं पाहिजे.

डब्यावरच्या दोन आकड्यांचा अर्थ आधी समजून घेऊ. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा. ०डब्ल्यूची चाचणी उणे ३५ अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना. उणे ३५ला जे तेल इंजिन फिरू देतं ते उन्हात निकामी होतं, असं कुठलंही प्रमाण सांगत नाही. उष्णतेचा हिशेब दुसऱ्या आकड्यात असतो आणि तो १०० अंश सेल्सियसला मोजतात. एसएईच्या प्रमाणानुसार २० ग्रेडच्या तेलाची चिकटाई त्या तापमानाला ६.९ ते ९.३ सेंटीस्टोक, तर ५० ग्रेडची १६.३ ते २१.९. म्हणजे गृहस्थांच्या सल्ल्यानं तेल गरम इंजिनात जवळजवळ दुप्पट किंवा त्याहून अधिक जाड होतं. हा बारीकसा फरक नाही.

सांगलीत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण ज्या तेलाची परीक्षा १०० अंशांना घेतली त्याला चाळीस अंशांचं भय कशाला दाखवता? शिवाय इंजिनाला बाहेरचं ऊन जसंच्या तसं कळत नाही. थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि पंखा मिळून कूलंट नव्वदीच्या आसपास राखतात. महाबळेश्वरच्या जानेवारीतही आणि मिरजेच्या मे महिन्यातही. ‘आपल्याकडचं ऊन’ हा जो हुकमाचा एक्का म्हणून टाकला जातो, तो बाहेर उभ्या माणसाच्या घामाचा पुरावा आहे, चेंबरमधल्या तेलाचा नव्हे.

राहिला घाट. भरलेली गाडी वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला जाते, किंवा चिपळूणकडून कुंभार्ली चढून कोयनेला येते, तेव्हा तेल नेहमीपेक्षा तापतं. हे निर्विवाद आहे. आणि नेमकं याचसाठी दुसरी कठोर चाचणी आहे: १५० अंशांना, वेगानं फिरणाऱ्या भागांत चिरडलं जात असताना तेल किती जाड राहतं याची. २० ग्रेडला तिथं किमान २.६ मिलिपास्कल-सेकंद टिकवावे लागतात. इंजिनाची बेअरिंगं, पंप आणि तेलाच्या वाटा हा आकडा समोर ठेवून आखलेल्या असतात. घाट चढताना तेल पातळ होणार हे आखणाऱ्याला माहीत होतं. तो घाट त्यानं हिशेबात धरलेला आहे.

गृहस्थांचा लाडका पुरावा म्हणजे प्रेशर. ‘जाड तेल घाला, प्रेशर बघा कसं चढतं.’ चढतं, खरंच चढतं. पण प्रेशर म्हणजे प्रवाह नव्हे. वाट अरुंद आणि तेल जाड असलं की प्रेशर वाढतं, मर्यादा ओलांडली की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि बेअरिंगकडं जायचं तेल परत चेंबरमध्ये येतं. तेलाचं काम दोन धातूंमध्ये थर धरण्यापुरतं नाही. तिथली उष्णता वाहून नेणं हेही त्याचंच काम. अरुंद फटीतून जाड तेल कमी वाहिलं की बेअरिंग अधिक तापतं. म्हणजे ज्या उष्णतेच्या भीतीनं जाड तेल घातलं ती उष्णताच वाढते.

त्यात सकाळची वेळ धरा. ४० अंशांना २०डब्ल्यू-५० हे ०डब्ल्यू-२०पेक्षा तिप्पट-चौपट जाड असतं. पाटणच्या थंडीत, पहाटे, त्याहूनही जाड. गाडी सुरू झाल्यावर वर हेडमध्ये कॅमशाफ्टपर्यंत तेल पोचेस्तोवरचे सेकंद हेच झिजेचे सेकंद. आणि हल्लीच्या पेट्रोल इंजिनात व्हॉल्व्हची वेळ पुढंमागं करणारी यंत्रणा तेलाच्याच दाबावर, बारीक छिद्रांतून चालते. तिला चुकीच्या जाडीचं तेल दिलं की ती आळसावते, पिकअप जातो, डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग गॅरेजमध्ये सेन्सरला शिव्या बसतात. तेलाकडं कुणी बोट दाखवत नाही, कारण ते जाणकारानं सुचवलेलं असतं.

हा समज आला कुठून, तेही सांगतो, कारण तो हवेतून आलेला नाही. हा भाग यंत्रांचा आहे. किर्लोस्करवाडीत १९१०पासून नांगर आणि पुढं पंप घडले. साताऱ्यात सर धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानं डिझेल इंजिनं बनवली. कृष्णेच्या काठच्या विहिरींवर धपधपणाऱ्या संथ इंजिनांना, मोठ्या फटींच्या त्या भक्कम बेअरिंगांना, जाड तेलच योग्य होतं. नंतर आलेल्या फियाट-अँबॅसिडरच्या काळातही २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० हेच शहाणपण होतं. आमचे फिटर ते शिकले, हाताखालच्या पोरांना त्यांनी शिकवलं आणि त्या विद्येवर या दोन जिल्ह्यांची शेती ओली राहिली. त्या विद्येचा मान ठेवूनच म्हणतो: ती त्या इंजिनांची विद्या आहे. इंजिन बदललं, त्याच्यातल्या फटी बदलल्या, तेल बदललं आणि सल्ला मात्र विहिरीच्या काठावरच उभा राहिला.

अशी भांडणं आम्ही यापूर्वीही ऐकली आहेत. घाट उतरताना गाडी न्यूट्रल केली की पेट्रोल वाचतं, हा तसाच हट्ट. कार्ब्युरेटरच्या दिवसांत त्यात थोडं तथ्य असेल. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये उतरत असेल आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला असेल तर इंधन जवळजवळ पूर्ण बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. वर इंजिनाचा ब्रेक जातो आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. तरी पसरणी घाटात आजही न्यूट्रलमध्ये गाड्या घरंगळतात, कारण कुणीतरी वडीलधाऱ्यानं तसं सांगितलेलं असतं. एकदा माणूस जाणकार ठरला की त्याचं जुनं वाक्य तपासायची हिंमत कुणाला होत नाही, हेच माझं खरं दुखणं आहे.

अ‍ॅव्हरेजचा मुद्दा मात्र मी टाळणार नाही, कारण तो त्यांच्या पाचांतला सर्वांत दमदार आहे. होय, पातळ तेलानं इंधन वाचतं आणि सरकारी इंधन-मर्यादा पाळायला कंपन्यांना ते हवं असतं. काही इंजिनांना दुसऱ्या देशांतल्या पुस्तिकेत अधिक जाड ग्रेडचीही मुभा दिसते. पण कंपनीचा फायदा आहे एवढ्यावरून मालकाचं नुकसान सिद्ध होत नाही. वॉरंटीच्या वर्षांत इंजिनं बसली तर खर्च त्याच कंपनीला येतो. आणि तुमच्याच गाडीच्या पुस्तिकेतल्या तक्त्यात ५डब्ल्यू-३०ची पर्यायी परवानगी असेल, गाडी रोज भरून घाट चढत असेल, तर ती ग्रेड खुशाल घ्या. तक्त्यात बसणारी जाडी निवडणं हा निर्णय आहे. तक्ता फाडून २०डब्ल्यू-५० ओतणं हा हट्ट आहे.

मग घालावं काय? पुस्तिका उघडा आणि तीन गोष्टी पाहा: ग्रेड, दर्जा आणि मात्रा. ग्रेड म्हणजे वरचे दोन आकडे. दर्जा म्हणजे पेट्रोलला एपीआय एसपीसारखी अक्षरं. टर्बो पेट्रोल इंजिन असेल तर ती अक्षरं अधिकच महत्त्वाची, कारण कमी फेऱ्यांवर अवेळी पेट घेण्याचा धोका कमी करायची चाचणी त्यात आहे. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर काजळीची गाळणी असते. तिला कमी राखेचं तेल लागतं. काजळी जाळून टाकता येते. तेलातल्या धातूंची राख जळत नाही, ती गाळणीत साचत राहते. ट्रॅक्टरसाठी आणलेला १५डब्ल्यू-४०चा डबा म्हणूनच त्या गाडीत रिकामा करू नका. मात्रा लिहिली असेल तेवढीच भरा. जास्तीच्या तेलाला क्रँक घुसळून फेस आणतो.

मुदत किलोमीटर किंवा महिने, यांपैकी जे आधी भरेल ते. सांगली-मिरज एवढ्याच छोट्या फेऱ्या होत असतील, किंवा गळीत हंगामात उसाच्या वाहनांमागून धुळीत गाडी चालत असेल, तर पुस्तिकेतली कठोर वापराची मुदत लावा आणि एअर फिल्टरही पाहा. सीलबंद डबा माहितीच्या दुकानातून घ्या, रिकामा डबा ठोकून चेपून टाका म्हणजे त्यात बनावट माल भरला जाणार नाही. बिल जपून ठेवा. वॉरंटीचा प्रश्न आला की ते पहिल्यांदा मागतात.

एवढंच माझं मंडन, आणि ते लहान आहे याची मला खंत नाही. योग्य उत्तर पुस्तिकेच्या एका पानावर मावतं. त्या गृहस्थांना माझं मागणंही लहान आहे. तुमच्या शब्दाला इथं वजन आहे. उद्या कोरेगावचा किंवा तासगावचा एखादा तरुण पहिल्यांदाच घेतलेल्या गाडीचं तेल विचारायला तुमच्याकडं आला, तर ग्रेड सांगण्याआधी त्याच्याकडं पुस्तिका मागा आणि ते पान त्याच्यासमोर मोठ्यानं वाचा. त्यानंतर तुम्ही जे सांगाल ते आम्हीही मान देऊन ऐकू.