मानेतील शिरेत सुई अंदाजाने का टोचायची?

"सेंट्रल लाइन टाकावी लागेल, इथे सही करा." आयसीयूच्या दारात नातेवाइकांना हे वाक्य हमखास ऐकायला मिळते. घाबरलेल्या मनःस्थितीत कोणी काही विचारत नाही. म्हणून ही माहिती आधीच वाचून ठेवा.

रक्तदाब फार खाली गेला की नॉरअॅड्रेनालिनसारखे औषध सतत द्यावे लागते. हाताच्या बारीक शिरेतून ते बाहेर झिरपले तर तिथली त्वचा काळी पडू शकते. त्यामुळे मानेतील किंवा कॉलर बोनखालील मोठ्या शिरेतून नळी सरकवून तिचे टोक हृदयाजवळ नेतात. कधी जांघेतील शीर वापरतात.

जुन्या पद्धतीत मानेचे स्नायू आणि हाडे या खुणांवरून शिरेची जागा ठरवतात. पण शीर प्रत्येकात ठरल्या जागी असतेच असे नाही. एखाद्याची शीर बारीक असते, तर आधी डायलिसिसची नळी टाकलेल्या रुग्णात ती गुठळीने बंदही झालेली असते. मेंदूकडे जाणारी धमनी तर अगदी शेजारी! सुई धमनीत गेली तर मानेत रक्त साचते. फुफ्फुसाला लागली तर छातीत हवा भरते.

सोनोग्राफीत हे सगळे पडद्यावर दिसते. प्रोब हलकेच दाबला की शीर चपटी होते, धमनी मात्र गोल राहून ठोके देत असते. सुईचे टोकही पाहता येते. इंग्लंडमध्ये नाइस या संस्थेने २००२ मध्येच मानेतील शिरेसाठी ही पद्धत सुचवली. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात मानेतील शिरेबाबत एकूण गुंतागुंती सुमारे ७० टक्क्यांनी कमी आढळल्या. कॉलर बोनखालील शिरेसाठी पुरावा इतका भक्कम नाही, हेही सांगायला हवे.

"आम्ही वर्षानुवर्षे हातानेच टाकतो" असे काही सहकारी म्हणतात. त्यांच्या कौशल्याबद्दल आदर आहे. मशीन बंद पडले तर तेच कामी येते. पण मशीन शेजारी असताना अंदाजाने टोचणे मला पटत नाही. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यामुळे सोनोग्राफी मशीनची नोंदणी करावी लागते, त्यामुळे छोटी रुग्णालये आयसीयूसाठी मशीन घेण्याचे टाळतात. कायदा आवश्यकच आहे. पण कागदपत्रांचा कंटाळा हे रुग्णाची जोखीम वाढवण्याचे कारण होऊ शकत नाही.

मशीनने सगळे होते असेही नाही. जंतुसंसर्ग टाळायचा तर हात धुणे, निर्जंतुक कपडा आणि गरज संपताच नळी काढणे याला पर्याय नाही.

सही करताना शांतपणे एवढेच विचारा : "सोनोग्राफीत पाहून टाकणार का? नंतर एक्स-रे काढणार का?" आणि रोज विचारा : "लाइनची अजून गरज आहे का?" रुग्ण अत्यवस्थ असेल तर मात्र वाद घालत बसू नका, डॉक्टरांना काम करू द्या.